८८ टक्क्यांचं करायचं काय? तळ्यावरचे स्वयंसेवक आणि एका पेपरचं वाचन

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दहा-बारा जण तळ्याच्या काठावर उभे होतो. गमबूट, हातमोजे, दोन ठिकाणी शिवलेलं जाळं आणि बाजूला नुकत्याच ओढून काढलेल्या जलपर्णीचा ढीग. आमच्या गटातले सगळ्यात जुने काका, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, चहाचा कप हातात घेऊन माझ्याजवळ आले. म्हणाले, "अगं, तू पीएचडी करतेस ना यात? मग सांग बरं, इतकी वर्षं आपण हे काढतोय, त्याचा खरंच काही उपयोग होतोय का?"

मी म्हटलं, "होतोय की काका. अमेरिकेत अभ्यास झालाय. माणसांनी हाताने वनस्पती काढल्या तर ८८ टक्के कमी होतात."

काकांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "तिथं पण जलपर्णीच आहे का?"

नव्हती. शिवाय तो अभ्यास तळ्याचा नव्हताच, बोटींचा होता. आणि ही गोष्ट मला माहीत होती! तरी तो आकडा मी आमच्या सल्लागार समितीपुढच्या प्रेझेंटेशनमध्ये एका स्लाइडवर ठळक अक्षरात टाकला होता. समितीत कोणी काही विचारलं नाही. विचारलं ते काकांनी.

त्या दिवशी घरी येऊन मी तो पेपर पुन्हा, या वेळी नीट वाचला. आजची पोस्ट त्या वाचनाबद्दल आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल किंवा एमएस्सीच्या शेवटच्या वर्षात 'लिटरेचर रिव्ह्यू' नावाच्या प्रकाराने घाबरलेले असाल, तर हे तुमच्यासाठी. पेपरवर टीका करायची म्हणजे त्यातल्या चुका शोधायच्या, असं आपल्याला वाटतं. पण बऱ्याचदा पेपर चांगला असतो, चूक आपल्या वाचण्यात असते. इथं तसंच झालं.

पेपर काय आहे

रॉथलिसबर्गर, चॅडर्टन, मॅकनल्टी आणि लॉज या चौघांचा हा पेपर २०१० मध्ये 'फिशरीज' या नियतकालिकात आला. अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांत गोड्या पाण्याची हजारो तळी आहेत. तिथं लोकांकडे स्वतःच्या छोट्या बोटी असतात. गाडीमागे ट्रेलर लावायचा, त्यावर बोट ठेवायची, आज या तळ्यात मासे पकडायचे, पुढच्या शनिवारी दुसऱ्या तळ्यात. बोटीबरोबर पाणवनस्पतींचे तुकडे, गोगलगायी, शिंपल्यांची पिल्लं असा सगळा लवाजमाही प्रवास करतो.

यातली दोन नावं लक्षात ठेवा. एक यूरेशियन वॉटरमिलफॉइल, पाण्याखाली दाट जाळं करणारी वनस्पती. तिचा छोटा तुकडाही नवीन ठिकाणी रुजू शकतो. दुसरं झेब्रा मसल, नखाएवढा पट्ट्यापट्ट्यांचा शिंपला. उत्तर अमेरिकेत तो १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला. मोठ्या जहाजांच्या तोल सांभाळायच्या पाण्यातून तो आला असं मानलं जातं. त्याची पिल्लं इतकी सूक्ष्म असतात की बोटीच्या तळाशी राहिलेल्या वाटीभर पाण्यात ती असली तरी डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून तिथले तळ्याकाठचे रहिवासी उन्हाळ्यात बोट उतरवायच्या रॅम्पवर उभे राहतात. विस्कॉन्सिनमध्ये 'क्लीन बोट्स, क्लीन वॉटर्स' नावाचा कार्यक्रमच आहे. स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळतं. ते येणारी-जाणारी बोट बघतात, चिकटलेली वनस्पती काढायला सांगतात, पाणी ओतून द्यायला सांगतात, बोटवाल्याशी बोलतात. आपण जसे दर रविवारी जाळं घेऊन उभे असतो, तसे ते रॅम्पवर.

पेपरने तीन गोष्टी केल्या. एक, बोटी-ट्रेलरवर काय काय सापडतं ते गोळा केलं. दोन, बोटमालकांना विचारलं की तुम्ही बोट साफ करता का. तीन, एक नियंत्रित प्रयोग केला की साफ करायची कोणती पद्धत किती काम करते. हाताने वनस्पती काढल्या तर ८८ ± ५ टक्के निघाल्या. जोराच्या फवाऱ्याने ८३ ± ४, हलक्या फवाऱ्याने ६२ ± ३. बारीक जीवांच्या बाबतीत चित्र वेगळं होतं. जोराचा फवारा ९१ ± २, हलका फवारा ७४ ± ६ आणि हात ६५ ± ४.

माझ्या स्लाइडवर यातला फक्त पहिला आकडा होता. त्याच्या पुढचा ± ५ सुद्धा मी खाल्ला होता.

± ५ म्हणजे काय

इथूनच सुरुवात करू, कारण व्हायवाला हमखास विचारतात. ± च्या मागे काय आहे ते पेपर सांगतो. सरासरी आणि स्टँडर्ड एरर. स्टँडर्ड डेव्हिएशन नव्हे. या दोघांत फरक काय? डेव्हिएशन सांगतं की एका बोटीपासून दुसऱ्या बोटीपर्यंत निकाल किती बदलला. एरर सांगतो की आपण काढलेल्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा.

समजा (हे नुसतं उदाहरण आहे) प्रयोगात १६ बोटी असत्या. मग स्टँडर्ड एरर ५ असेल तर डेव्हिएशन त्याच्या चौपट, म्हणजे २० भरतं. सरासरी ८८ आणि डेव्हिएशन २० याचा अर्थ काही बोटींवरून जवळजवळ सगळं निघालं आणि काहींवर बरंच उरलं. आता विचार करा, तळ्याला धोका कोणाचा? सरासरी बोटीचा नाही. जिच्यावर बरंच उरलं त्या बोटीचा. आक्रमक प्रजातींच्या अभ्यासात सरासरीपेक्षा वाईट टोकच महत्त्वाचं असतं, आणि स्टँडर्ड एरर नेमकं ते टोक झाकतो.

दुसरी गोष्ट. पेपर म्हणतो की जोराचा फवारा हाताइतकाच प्रभावी आहे. ८८ आणि ८३ मधला फरक ५. या फरकाचा स्टँडर्ड एरर काढायचा तर दोन्ही एररचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्या. २५ अधिक १६ म्हणजे ४१, त्याचं मूळ सुमारे ६.४. फरक त्याच्यापेक्षा लहान, म्हणजे या आकड्यांवरून दोन पद्धतींत फरक दिसत नाही. पण 'फरक दिसला नाही' आणि 'दोन्ही सारख्या आहेत' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य डेटा बोलतो, दुसरं आपण त्याच्या तोंडी घालतो. लेखकांनी इथं थोडं सढळ लिहिलंय असं मला वाटतं. हात आणि हलका फवारा यांच्यातला फरक मात्र २६ आहे, त्याचा एरर सहाच्या आत. तिथं शंका नाही. वहीत स्वतः करून बघा, दोन मिनिटं लागतात.

कोणाची परीक्षा झाली

आता माझी मोठी चूक. मी 'माणसांनी हाताने काढल्या तर' असं म्हणत होते आणि ऐकणारा 'स्वयंसेवकांनी काढल्या तर' असं ऐकत होता. मलाही तेच ऐकवायचं होतं.

पण प्रयोगात टक्केवारी काढायची तर बोटीवर आधी किती वनस्पती होती हे माहीत असावंच लागतं. म्हणजे परिस्थिती ताब्यातली, काम करणाऱ्याचं सगळं लक्ष त्या एका बोटीवर. खऱ्या रॅम्पवर काय असतं? रविवारी दुपारी मागे रांग लागलेली, बोटवाला वैतागलेला, पोरं पाण्यात उतरायला उतावीळ, आणि स्वयंसेवक म्हणजे कदाचित सत्तरीच्या आजी, ज्यांना ट्रेलरच्या खाली वाकून बघता येत नाही. पद्धत चांगल्यात चांगल्या परिस्थितीत किती काम करते हा एक प्रश्न. रोजच्या परिस्थितीत किती करते हा दुसरा. औषधांच्या संशोधनात हा भेद पहिल्या वर्षी शिकवतात. आपल्या पर्यावरणाच्या विषयात तो सर्रास पुसला जातो.

लक्षात घ्या, हा दोष पेपरचा नाही. पेपरने पद्धतीची परीक्षा घेतली आणि तसं सांगितलं. स्वयंसेवकांना ८८ टक्के गुण दिले ते माझ्यासारख्या वाचणाऱ्यांनी.

उलट पेपरमध्ये स्वयंसेवकांसाठी दुसरा आकडा जास्त मोलाचा आहे, तो ६५. हात आणि डोळा बारीक जीवांपुढे कमी पडतात. म्हणजे रॅम्पवरचा माणूस मिलफॉइलच्या विरुद्ध चांगला पहारेकरी आहे, झेब्रा मसलच्या पिल्लांविरुद्ध तितका नाही. तिथं फवारा हवा, आणि फवाऱ्याला यंत्र हवं, यंत्राला पैसे. 'स्वयंसेवक उपयोगी आहेत का?' हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे. कशाविरुद्ध, ते आधी विचारायला हवं.

बोटीवरचे ८८ आणि तळ्यातले किती?

समजा सगळं मान्य केलं. प्रत्येक बोटीवरून ८८ टक्के वनस्पती निघतात. मग तळ्याचा धोकाही ८८ टक्के कमी झाला का?

एक खेळ करू. आकडे मी माझ्या मनाचे घेतेय, कुठल्याही तळ्याचे नाहीत. समजा एका तळ्यावर वर्षाला १००० बोटी वनस्पतीचे तुकडे घेऊन येतात. प्रत्येक बोटीमुळे ती वनस्पती तिथं रुजायची शक्यता ५०० त १. वर्षभरात निदान एकदा तरी रुजण्याची शक्यता निघते सुमारे ८६ टक्के. आता साफसफाई सुरू झाली आणि धोका १२० बोटींइतकाच उरला असं धरू. शक्यता उतरते सुमारे २१ टक्क्यांवर. छान!

पण तळं एका वर्षासाठी नसतं. दहा वर्षं हेच चाललं तर १२० च्या १२०० झाल्या, आणि दहा वर्षांत रुजण्याची शक्यता पुन्हा ९१ टक्के. म्हणजे आपल्या या खेळातल्या स्वयंसेवकांनी आक्रमण थांबवलं नाही, लांबवलं.

यात एक गृहीतक मी गुपचूप घातलं, ते पकडलंत का? बोटीवरचं प्रमाण ८८ टक्क्यांनी घटलं की धोकाही तेवढाच घटतो, असं मी धरलं. पण मिलफॉइलचा एक तुकडाही पुरतो. शंभर तुकड्यांतले ८८ काढले तर बारा उरतात, आणि बारा तुकडे एका तुकड्यापेक्षा खूप जास्त आहेत. म्हणजे प्रत्यक्षात फायदा आपल्या गणितापेक्षा कमीच असू शकतो. गृहीतक सांगायचं, आणि ते मोडलं तर उत्तर कोणत्या बाजूला सरकेल तेही सांगायचं. चांगल्या चर्चा-प्रकरणात एवढंच असतं.

मग लांबवणं म्हणजे वाया गेलेले कष्ट का? अजिबात नाही. याच विस्कॉन्सिनमधल्या लेक मेंडोटाचं उदाहरण घ्या. विद्यापीठाच्या दारातलं तळं, जगातल्या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या तळ्यांपैकी एक. २००९ मध्ये तिथं स्पायनी वॉटर फ्ली नावाचा काटेरी शेपटीचा सूक्ष्म प्राणी भरमसाट सापडला. पाण्यातलं शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ ठेवणारा जो डॅफ्निया, त्यालाच हा खातो. पाणी गढूळलं. २०१६ च्या एका पेपरने हिशोब मांडला की गेलेली नितळता परत आणायची तर तळ्यात येणारं फॉस्फरस इतकं कमी करावं लागेल की त्याचा खर्च ८.६५ ते १६.३ कोटी डॉलर होईल. आणि हा प्राणी त्याआधीपासून कमी संख्येने तिथंच असावा, हेही पुढे आलं. एवढे शास्त्रज्ञ काठावर बसलेले असून कळलं नाही! अशा वेळी दहा वर्षं लांबवणं ही मोठी कमाई आहे. फक्त तिला 'लांबवणं' म्हणावं, 'वाचवलं' म्हणू नये.

९४४ आणि ४५९

पेपरचा मला सगळ्यात आवडलेला भाग. बोटमालकांना दोन प्रकारे विचारलं. टपालाने, ९४४ उत्तरं आली, प्रतिसाद ११ टक्के. प्रत्यक्ष भेटून, ४५९ उत्तरं, प्रतिसाद ९० टक्के. आणि हे आकडे लेखकांनी सारांशातच दिलेत, आत कुठे तळटीपेत लपवलेले नाहीत.

परीक्षेत विचारलं तर आपण काय लिहू? '११ टक्के प्रतिसाद, म्हणून निष्कर्ष अविश्वसनीय.' पूर्ण गुण, पुढचा प्रश्न. पण थांबा. टपालाने आलेली प्रश्नावली भरून परत पाठवणारा माणूस कोण असतो? बहुधा ज्याला तळ्याची काळजी आहे तो. आणि समोर उभ्या माणसाला 'मी बोट साफ करत नाही' असं सांगायला कोणालाही जड जातं. म्हणजे दोन्ही ठिकाणी कल एकाच दिशेला, साफ करणाऱ्यांचं प्रमाण फुगवण्याकडे. तरीही निष्कर्ष काय निघाला? दोन-तृतीयांशांहून जास्त लोक नेहमी साफ करत नाहीत. म्हणजे खरं चित्र याहून वाईट असेल, बरं असण्याची शक्यता कमी. कमी प्रतिसादाने इथं निष्कर्ष कमकुवत होत नाही, उलट बळकट होतो.

नुसतं 'बायस आहे' म्हणून सोडू नका. तो कोणत्या बाजूला ओढतोय ते सांगा. माझ्या मॅडम हे वाक्य महिन्यातून एकदा तरी म्हणतात. मला ते या पेपरपाशी येऊन कळलं.

आता आपल्या तळ्यावर या

काकांचा प्रश्न अजून तसाच आहे. पुण्याचा पाषाण तलाव घ्या, कोल्हापूरचा रंकाळा घ्या, मुंबईचा पवई तलाव घ्या. जलपर्णी या सगळ्यांनी पाहिली आहे. आपल्याकडे ती ट्रेलरवरच्या बोटीने येत नाही. ती येऊन बसलेली आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या देशात आहे, आणि वरच्या नाल्यातून वाहत येते. विस्कॉन्सिनचे स्वयंसेवक दारावर पहारा देतात, आपण घरात शिरलेल्याला बाहेर काढतोय. दोन वेगळी कामं आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

आपल्या कामाचं गणित असं. पोषक पाण्यात आणि उबदार हवेत जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. समजा दहा हेक्टरवर पसरलेली जलपर्णी आपण मर मर मरून ८० टक्के काढली. दोन हेक्टर उरली. दोन आठवड्यांनी चार, चार आठवड्यांनी आठ, पाच आठवड्यांच्या आत पुन्हा दहा. वरून तिचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आणि ती इतकी फोफावते कशावर? सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. नाला तसाच चालू ठेवून जलपर्णी काढणं म्हणजे नळ बंद न करता फरशी पुसणं.

मग आपण यश मोजतो कशात? ट्रॉल्यांत. 'या रविवारी सात ट्रॉल्या काढल्या' असा फोटो टाकतो. मीही टाकलाय. ओल्या जलपर्णीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. म्हणजे ट्रॉलीत आपण मुख्यतः तळ्याचंच पाणी वाहून नेतो! शिवाय ट्रॉल्या जास्त भरल्या याचा अर्थ काम जास्त झालं असाही होतो आणि जलपर्णी जास्त वाढली असाही होतो. जो आकडा यश आणि अपयश दोन्हीत वाढतो, तो मोजमाप म्हणून कुचकामी. ट्रॉली आपले कष्ट मोजते, तळ्याची तब्येत नाही.

तब्येत मोजायची तर तुलना लागते. न काढता काय झालं असतं? इथं मोठमोठे अडकलेत. आफ्रिकेतल्या लेक व्हिक्टोरियात १९९० च्या दशकात जलपर्णीने थैमान घातलं. तिला खाणारे निओकेटिना जातीचे भुंगे सोडले गेले, आणि दशकाच्या अखेरीस जलपर्णी झपाट्याने घटली. भुंग्यांचा विजय? विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये म्हटलं, १९९७-९८ चा एल निनो विसरू नका, तेव्हाचं ढगाळ हवामान आणि लाटा यांचा त्यात मोठा वाटा आहे. विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उत्तर दिलं, नाही, भुंग्यांमुळेच. मला विल्सन यांची बाजू जास्त पटते, कारण अशा भुंग्यांनी इतर ठिकाणीही जलपर्णी आटोक्यात आणलेली आहे. पण वाद झालाच का, ते बघा. तळं एक, घटना एक, आणि तुलनेला दुसरं व्हिक्टोरिया जगात नाही.

मी काकांना म्हटलं होतं, "आपण अर्ध्या तळ्याला हातच नको लावूया, म्हणजे तुलना करता येईल." काका भडकले. "अर्धं तळं मुद्दाम सडवायचं? तुझ्या पेपरसाठी?" बरोबर होतं त्यांचं. शिवाय जलपर्णी तरंगते, वाऱ्याबरोबर या अर्ध्यातून त्या अर्ध्यात जाते. म्हणजे माझा प्रयोग माणुसकीच्याही आणि शास्त्राच्याही कसोटीवर नापास.

बंगालची आठवण

हे कष्ट नवीन नाहीत. जलपर्णीने बंगालचे जलमार्ग आणि भातखाचरं अडवली तेव्हा १९२१ मध्ये सरकारने समिती नेमली, अध्यक्ष जगदीशचंद्र बोस. १९३६ मध्ये कायदाच झाला. जलपर्णी बाळगायला बंदी आणि ती काढायच्या मोहिमेत हातभार लावणं हे नागरिकाचं कर्तव्य. १९३७ च्या निवडणुकीत पक्षांनी जलपर्णीमुक्त बंगालचं आश्वासन दिलं, फजलुल हक यांच्या सरकारने मोहीम काढली, १९३९ मध्ये जलपर्णी सप्ताह झाला. इफ्तेखार इकबाल यांचा २००९ चा यावरचा लेख जरूर वाचा. विज्ञानवाल्यांनी तर नक्कीच, कारण प्रजातीचा अभ्यास करता करता सत्तेचा अभ्यास कसा होतो ते त्यात दिसतं.

एवढी माणसं पाण्यात उतरली, त्यांच्या कष्टाने पिकं आणि वाटा मोकळ्याही झाल्या. पण जलपर्णी आजही तिथं आहे. मला त्यातून एक भीती वाटते. लोकांच्या कष्टाचं कौतुक करणं सरकारला स्वस्त पडतं. आमच्या गटाचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. तळ्यात येणारा नाला वळवण्याबद्दलचं आमचं पत्र मात्र पोचपावतीच्या पुढे सरकलं नाही.

आपला रॅम्प कुठं आहे?

म्हणजे त्या पेपरमधून आपण काहीच घ्यायचं नाही का? घ्यायचं. आकडा नव्हे, प्रश्न घ्यायचा. त्यांनी विचारलं, प्रजाती कशावर बसून येते आणि तिथं कोणाला उभं करता येईल? हा प्रश्न आपल्या तळ्याला विचारा.

आपल्याकडे नको झालेल्या ॲक्वेरियममधले मासे 'जीव वाचवला' या भावनेने तळ्यात सोडले जातात. तलावात सोडायच्या मत्स्यबीजात दुसऱ्या जातीची पिल्लं मिसळलेली असू शकतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी मासे वाटले जातात. गप्पीची मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादीसुद्धा नवीन ठिकाणी वंश सुरू करू शकते. आणि आता कबुली. कॉलेजात असताना एनएसएसच्या शिबिरात मी स्वतः एका तळ्यात गप्पी सोडलेत, फोटो काढून! तेव्हा मी स्वयंसेवक होते आणि माझ्या दृष्टीने तळं वाचवत होते. त्या दिवशी त्या तळ्याला बहुधा माझ्यापासूनच वाचवायला हवं होतं.

म्हणून आपला रॅम्प म्हणजे ॲक्वेरियमचं दुकान, मत्स्यबीजाची पिशवी आणि वरच्या अंगाचा नाला. रविवारचे तीन तास तिथंही द्यावे लागतील. तिथं ट्रॉलीचा फोटो मिळत नाही, ही अडचण आहेच.

मोजमापाचा प्रश्न आम्ही असा सोडवायचा ठरवलंय. अर्धं तळं सोडायचं नाही. त्याऐवजी आसपासची, जिथं कोणी जलपर्णी काढत नाही अशी दोन तळी तुलनेला घ्यायची, आणि काम सुरू व्हायच्या आधीचीही माहिती काढायची. ती मिळते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं २०१५ पासूनची फुकट आहेत, दहा मीटरच्या बारकाव्याची, आणि दोन उपग्रह झाल्यापासून दर पाच दिवसांनी. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा काठावरच्या एका ठरलेल्या दगडावर उभं राहून काढलेला फोटो. ते काम काकांनी स्वतःकडे घेतलंय. दर पंधरवड्याला, त्याच दगडावरून, त्याच दिशेने.

तुम्हीही एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तुम्हाला सगळ्यात आवडणारा जो आकडा आहे, तो शोधा. मग मूळ पेपर उघडून बघा, तो कशाचा आकडा आहे, कोणाची परीक्षा घेऊन आलाय, त्याच्या ± मागे काय आहे, आणि तुमच्या ठिकाणी त्याला आणताना वाटेत काय गळून पडतं. हे तुम्ही विचारलं नाही तर समितीही कदाचित विचारणार नाही, पण काठावरचं कोणीतरी विचारेल.

मागच्या रविवारी मी काकांना माझं नवीन उत्तर सांगितलं. "काका, उपयोग होतो, पण आपण मोजत होतो तो नाही. आपण जलपर्णी संपवत नाही, काही आठवडे मागे ढकलतो. त्या आठवड्यांत पाण्याला ऊन आणि हवा मिळते. पण नाला बंद झाल्याशिवाय हे असंच चालणार. नक्की किती उपयोग, ते दोन वर्षांनी सांगते."

काका म्हणाले, "बरं. मग तोवर फोटो काढतो." आणि गमबूट चढवून पाण्यात उतरले.